काँग्रेसच्या अध्यक्षाची निवडणूक

काँग्रेसच्या घटनेप्रमाणे पक्षाचा अध्यक्ष प्रतिनिधींच्या मताने निवडला जातो. एकापेक्षा जास्त उमेदवार उरले की मतपत्रिका छापायच्या, राज्याराज्यांत मतदान घ्यायचे, पेट्या दिल्लीला आणून मते मोजायची, असा हा साधा क्रम आहे. तो शेवटपर्यंत नेण्याची वेळ पक्षावर फार थोड्या वेळा आली. एरवी माघारीची मुदत संपेपर्यंत एकच नाव उरते, टाळ्या वाजतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘बिनविरोध’ हा शब्द ठळक टायपात येतो. जेव्हा खरी लढत झाली तेव्हा पक्ष बहुधा अडचणीत होता, आणि लढत जिंकलेला माणूस पदावर टिकलाच असेही नाही. मते मोजून मिळणारे अध्यक्षपद आणि पक्षावरचा ताबा या काँग्रेसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या. त्या दोन्ही एकाच हाती होत्या, तेव्हा निवडणुकीची गरजच पडली नाही.

पहिल्या अध्यक्षाच्या वेळी निवडणुकीचा प्रश्नच नव्हता. १८८५ चे पहिले अधिवेशन पुण्यात पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत भरायचे होते. ऐन वेळी शहरात पटकी पसरली आणि सगळा लवाजमा मुंबईला गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावा लागला. २८ डिसेंबरला जमलेल्या ७२ प्रतिनिधींपुढे अ‍ॅलन ह्यूम यांनी कलकत्त्याचे बॅरिस्टर व्योमेशचंद्र बॅनर्जी यांचे नाव सुचवले, काशिनाथ त्र्यंबक तेलंग प्रभृतींनी त्याला पाठिंबा दिला आणि अध्यक्ष खुर्चीवर बसले. ही खुर्ची तेव्हा खरोखरच खुर्ची होती. तीन-चार दिवसांच्या सभेचे अध्यक्षस्थान एवढाच तिचा अर्थ होता. वर्षभर चालवायला ना कार्यालय होते, ना कार्यकारिणी.

पुढे दरवर्षी नवे गाव आणि नवा अध्यक्ष असा परिपाठ पडला. अधिवेशनाचा खर्च ज्या गावाने उचलायचा तिथली स्वागत समिती अध्यक्षाचे नाव ठरवी. मांडव घालणारा पाहुणा ठरवणार, हे न्यायाचेच होते. शिवाय मुंबईत फिरोजशहा मेहता आणि बंगालमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या संमतीशिवाय नाव पुढे सरकत नसे. दादाभाई नौरोजी १८८६, १८९३ आणि १९०६ असे तीनदा अध्यक्ष झाले. यातली तिसरी वेळ मुद्दाम जुळवून आणलेली होती. बंगालच्या फाळणीनंतर जहाल गटाला लोकमान्य टिळक किंवा लाला लजपतराय यांना अध्यक्ष करायचे होते. मवाळांनी विलायतेहून ऐंशी ओलांडलेल्या दादाभाईंना बोलावले. दादाभाईंच्या विरुद्ध उभे राहणे कोणालाच शक्य नव्हते आणि पेच एक वर्ष पुढे ढकलला गेला.

१९०७ चे अधिवेशन नागपूरला ठरले होते. नागपुरात टिळकांना मानणारे बरेच होते आणि अध्यक्षाच्या नावावरून स्वागत समितीच्या सभेतच हमरीतुमरी झाली. मेहतांच्या मंडळींनी मग अधिवेशन सुरतेला नेले. त्यात एक हिशेब होता. यजमान प्रांतातला माणूस अध्यक्ष होत नसे, आणि सुरत मुंबई इलाख्यात असल्याने टिळकांचा दावा आपोआप बाद होत होता. अध्यक्ष म्हणून डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव ठरले.

२६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे घोषांच्या नावाला अनुमोदन द्यायला उठले आणि मांडवात असा गोंगाट झाला की त्यांचे भाषण कोणाला ऐकूच गेले नाही. सभा दुसऱ्या दिवसावर गेली. २७ तारखेला टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवली, की अध्यक्षाच्या निवडीवर आपल्याला बोलायचे आहे. उत्तर आले नाही. घोष भाषणाला उभे राहताच टिळक व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून समोर उभे राहिले. त्यांना खाली ओढू पाहणाऱ्यांची आणि वाचवू पाहणाऱ्यांची झटापट चालू असताना प्रेक्षकांतून एक जोडा भिरभिरत आला. तो आधी सुरेंद्रनाथांच्या गालाला लागला आणि मग फिरोजशहांवर आदळला. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. तो जोडा लालसर चामड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेला मराठी जोडा असल्याची नोंद त्याने करून ठेवली. मग खुर्च्या आणि काठ्या चालल्या आणि पोलिसांनी मांडव रिकामा केला. काँग्रेस फुटली ती स्वराज्य आणि बहिष्कार यांच्या अर्थावरून, हे खरे. पण फुटीची ठिणगी अध्यक्षाच्या निवडीवर पडली, हेही तितकेच खरे.

टिळकांच्या वाट्याला अध्यक्षपद आले तेही विचित्र रीतीने. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली. पण व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते त्याच वर्षी विलायतेला निघाले आणि त्यांच्या जागी मदनमोहन मालवीय बसले. दीड-पावणेदोन वर्षांत टिळक गेले. नारायण चंदावरकर (१९००), गोपाळ कृष्ण गोखले (१९०५) आणि अमरावतीचे रघुनाथ मुधोळकर (१९१२) ही मराठी नावे अध्यक्षांच्या यादीत आहेत; टिळकांचे नाही.

१९२० च्या नागपूर अधिवेशनाने पक्षाचा सांगाडाच बदलला. चार आण्यांचे सभासदत्व, भाषावार प्रांतिक समित्या आणि वर्षभर काम करणारी कार्यकारिणी आली. आता अध्यक्षाला वर्षभर करायला काम होते आणि त्यामुळे पद लढण्याजोगे झाले. नावे प्रांतिक समित्यांकडून येत. १९२९ मध्ये दहा प्रांतिक समित्यांनी गांधीजींचे, पाचांनी वल्लभभाईंचे आणि तिघांनी जवाहरलालांचे नाव सुचवले. गांधीजींनी नकार दिला, वल्लभभाई बाजूला झाले आणि सर्वांत कमी पसंती असलेले जवाहरलाल लाहोरला अध्यक्ष झाले. लाहोरचा पूर्ण स्वराज्याचा ठराव सर्वांना आठवतो. अध्यक्ष कसा ठरला, ते मागे पडले.

गांधीजी १९३४ मध्ये काँग्रेसच्या सभासदत्वातून बाहेर पडले. त्याच वर्षीच्या मुंबई अधिवेशनात घटना बदलली, प्रतिनिधींच्या संख्येवर मर्यादा आली आणि अध्यक्ष निवडण्याचा हक्क थेट प्रतिनिधींना मिळाला. कागदावर ही मोठी लोकशाही सुधारणा होती. व्यवहारात गांधीजींनी वर्ध्याहून नाव सुचवायचे आणि इतरांनी अर्ज मागे घ्यायचे, हेच चालू राहिले. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला भरलेल्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनासाठीही वल्लभभाईंनी माघार घेतली आणि नंदलाल बोस यांच्या कलाकुसरीने सजलेल्या त्या बांबूच्या नगरीत जवाहरलाल पुन्हा अध्यक्ष म्हणून आले.

१९३९ मध्ये ही रीत मोडली. सुभाषचंद्र बोस हरिपुरा अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि त्यांना दुसऱ्यांदा उभे राहायचे होते. वरिष्ठांनी मौलाना आझादांचे नाव पुढे केले. त्यांनी अंग काढून घेतल्यावर पट्टाभि सीतारामय्या उभे राहिले. २९ जानेवारीला प्रांतोप्रांती मतदान झाले. सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभींना १३७७ मते पडली. गांधीजींनी हा पट्टाभींपेक्षा आपलाच पराभव असल्याचे जाहीर केले. निकाल लागला होता, पण वाद आता कुठे सुरू होत होता. फेब्रुवारीत वर्ध्याच्या बैठकीला सुभाषबाबू तापामुळे येऊ शकले नाहीत आणि कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले.

मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरले. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बावन्न हत्ती आणले होते. अध्यक्ष मात्र रुग्णवाहिकेतून आले होते आणि अंथरुणाला खिळून होते, म्हणून त्यांची तसबीर मिरवली गेली. याच अधिवेशनात गोविंद वल्लभ पंत यांचा ठराव मंजूर झाला: नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. ज्यांनी दीड महिन्यापूर्वी सुभाषबाबूंना निवडले, त्याच प्रतिनिधींनी त्यांचे हात बांधले. या विसंगतीची चर्चा आजही होते, पण त्यात कोडे फारसे नाही. अध्यक्ष कोण हे विचारले तेव्हा प्रतिनिधींनी सुभाषबाबू म्हणून सांगितले. गांधीजी हवेत की नकोत असा प्रश्न आल्यावर त्यांना ‘नकोत’ म्हणवेना. गांधीजींनी नावे सुचवली नाहीत, पत्रव्यवहार लांबला आणि २९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. राजेंद्र प्रसाद अध्यक्ष झाले.

पुढच्या वर्षी आझादांनी मानवेंद्रनाथ रॉय यांना एकतर्फी हरवले. महायुद्ध आणि छोडो भारत यांमुळे आझादांची मुदत सहा वर्षे लांबली. १९४६ मध्ये नव्या अध्यक्षाचा प्रश्न आला तेव्हा प्रांतिक समित्यांचा मोठा कल वल्लभभाईंकडे होता. गांधीजींचा कल कळल्यावर जवाहरलालांचे नाव आचार्य कृपलानींनी पुढे केले आणि वल्लभभाईंनी पुन्हा एकदा माघार घेतली. तो अध्यक्षच हंगामी सरकारचा प्रमुख होणार होता, म्हणून या माघारीचे मोल फार मोठे होते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न वेगळ्या रूपात आला. पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष यांत वरचा कोण? कृपलानी १९४७ च्या अखेरीस याच मुद्द्यावर पायउतार झाले होते. १९४८ मध्ये पट्टाभींनी पुरुषोत्तमदास टंडन यांना थोडक्यात हरवले. १९५० मध्ये टंडन पुन्हा उभे राहिले. त्यांच्या पाठीशी सरदार वल्लभभाई होते, तर नेहरूंची पसंती कृपलानींना होती. तिसरे उमेदवार संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्वर्यू शंकरराव देव होते. टंडन १३०६, कृपलानी १०९२, देव २०२ असा निकाल लागला. देवांची मते कृपलानींना गेली असती तरी टंडन थोडक्यात पुढेच राहिले असते. पण इतक्या चुरशीत तिसऱ्याला पडलेली दोनशे मते सर्वांच्या नजरेत भरली.

सप्टेंबरात नाशिकला अधिवेशन झाले. टंडन अध्यक्षस्थानी बसले, पण निर्वासित, पाकिस्तान आणि धर्मनिरपेक्षता यांवरचे ठराव नेहरूंना हवे तसे मंजूर झाले. डिसेंबरात सरदार गेले आणि टंडनांचा आधार गेला. कृपलानी पक्ष सोडून गेले. ऑगस्ट १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना, नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. नेहरूंशिवाय मते मागायला जाण्याची कोणाची तयारी नव्हती. सप्टेंबरात टंडनांनी पद सोडले आणि नेहरू पंतप्रधान असतानाच अध्यक्षही झाले. सुभाषबाबूंना घालवायला गांधीजींचे मौन लागले होते, टंडनांना घालवायला नेहरूंचे एक पत्र पुरले.

त्यानंतर पाव शतक अध्यक्षपदासाठी लढत झाली नाही. उच्छंगराय ढेबर, इंदिरा गांधी, संजीव रेड्डी, दामोदरम संजीवय्या अशी नावे वरच्या पातळीवर ठरत गेली. कामराज हे यातले एकच वजनदार अध्यक्ष. शास्त्रीजी आणि त्यानंतर इंदिरा गांधी यांना पंतप्रधान करण्यात त्यांचा हात होता. १९६७ मध्ये ते स्वतःच्या विरुधुनगरात पडले आणि ते वजनही ओसरले. १९६९ मध्ये अध्यक्ष निजलिंगप्पांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना पक्षातून काढले. काढणाऱ्याकडे पक्षाची घटना होती, काढलेलीकडे बहुसंख्य खासदार. यातून कोणाची काँग्रेस उरली ते १९७१ च्या निकालाने दाखवले.

मार्च १९७७ मध्ये पक्ष लोकसभेत १५४ जागांवर आला आणि इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरल्या. देवकांत बरुआ यांनी अध्यक्षपद सोडले. मे महिन्यात कासू ब्रह्मानंद रेड्डी, सिद्धार्थशंकर राय आणि करण सिंग असे तिघे रिंगणात होते आणि रेड्डी निवडून आले. इंदिराबाईंचा पाठिंबा त्यांनाच होता. रेड्डी आपल्या कह्यात राहतील असा अंदाज होता. तो चुकला. सात महिन्यांत दोघांचे बिनसले आणि जानेवारी १९७८ मध्ये इंदिरा गांधींनी आपली वेगळी काँग्रेस स्थापून तिचे अध्यक्षपद घेतले. रेड्डींकडे यशवंतराव चव्हाणांसारखे जुने नेते राहिले. महिनाभरात महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक झाली. दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या आणि नंतर वसंतदादा पाटलांच्या नेतृत्वाखाली एकत्र सरकारात बसल्या. ते सरकार जुलैत शरद पवारांनी पाडले. निवडून आलेले अध्यक्ष रेड्डी काही वर्षांनी इंदिरा काँग्रेसमध्ये परतले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून मुंबईत आले.

नव्या पक्षात पंतप्रधान आणि अध्यक्ष एकच झाले. आधी इंदिरा गांधी, मग राजीव गांधी. १९७२ नंतर वीस वर्षे संघटनात्मक निवडणुका झाल्याच नाहीत. तालुक्यापासून प्रदेशापर्यंत सगळ्या समित्या नेमणुकीने भरू लागल्या आणि मराठी वर्तमानपत्रांची एक खास शब्दसंपत्ती याच काळात रुळली. ‘पक्षश्रेष्ठी’ म्हणजे दिल्लीतली ती अदृश्य व्यक्ती, जिचे नाव सर्वांना ठाऊक असते. मुंबईत आमदार जमतात, दिल्लीहून ‘निरीक्षक’ येतात, सर्वाधिकार अध्यक्षांना देणारा ‘एक ओळीचा ठराव’ होतो आणि मुख्यमंत्री कोण ते ‘लखोट्यातून’ कळते. १९८५ मध्ये मुंबईच्या शताब्दी अधिवेशनात राजीव गांधींनी पक्षातल्या सत्तेच्या दलालांवर कडक टीका केली. टाळ्या वाजवणाऱ्यांत ते दलालही होते, असे तेव्हा गमतीने बोलले जाई. समित्यांवरच्या नेमणुका पुढेही दिल्लीतूनच होत राहिल्या.

२१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी कार्यकारिणीने सोनिया गांधींना अध्यक्ष म्हणून निवडले; त्यांनी नकार दिला. मग निवृत्तीच्या वाटेवर असलेले पी. व्ही. नरसिंह राव पुढे आले. रामटेकमधून दोनदा खासदार झालेले आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे राव मराठी माणसांना परके नव्हते. त्यांनी १९९२ मध्ये तिरुपतीच्या अधिवेशनात कार्यकारिणीची खरोखरीची निवडणूक घेतली. अर्जुन सिंग आणि शरद पवार दणक्यात निवडून आले. तेव्हा निवडून आलेल्यांत दलित आणि महिला नाहीत असे कारण देऊन रावांनी सर्वांचे राजीनामे घेतले आणि नंतर त्यांतल्या काहींना नेमून परत घेतले. आक्षेप वाजवी होता. पण निवडून आलेला सदस्य आणि नेमलेला सदस्य यांत अध्यक्षाला कोणता परवडतो, तेही त्यातून उघड झाले.

१९९६ मध्ये काँग्रेसच्या जागा १४० वर आल्या. खटल्यांत अडकलेल्या रावांनी सप्टेंबरात पद सोडले आणि बरीच वर्षे पक्षाचे खजिनदार असलेले बिहारचे सीताराम केसरी हंगामी अध्यक्ष झाले. जून १९९७ मध्ये त्यांनी निवडणूक लावली. समोर शरद पवार आणि राजेश पायलट होते.

या निवडणुकीत मतदार कोण, हे नीट पाहायला हवे. ब्लॉक समित्यांतून प्रदेश समितीचे सदस्य निवडले जातात आणि तेच अध्यक्षाचे मतदार, म्हणजे प्रतिनिधी, असतात. दहा प्रतिनिधींच्या सह्या मिळाल्या की अर्ज भरता येतो. उमेदवार दोनपेक्षा जास्त असतील तर मतदाराने निदान दोन पसंतिक्रम द्यायचे असतात. नियम चांगले आहेत. पण ब्लॉकमध्ये निवडणूक झाली नाही, तर प्रतिनिधींची यादी प्रदेशाध्यक्ष करतो, प्रदेशाध्यक्षाला दिल्ली नेमते आणि दिल्लीत अध्यक्ष बसलेला असतो. खजिनदारकीमुळे केसरींना प्रत्येक राज्यातली माणसे नावानिशी ठाऊक होती. त्यांना ६२२४ मते पडली, पवारांना ८८२ आणि पायलटांना ३५४. अखिल भारतीय वजन असलेल्या मराठी नेत्याने अध्यक्षपदासाठी दिलेली ही सर्वांत गंभीर लढत होती, आणि त्याला केसरींच्या सातव्या हिश्श्याइतकीच मते मिळाली.

त्याच वर्षी सोनिया गांधी पक्षाच्या प्राथमिक सदस्य झाल्या आणि १९९८ च्या निवडणुकीत प्रचाराला उतरल्या. पक्षाला १४१ जागा मिळाल्या. उत्तर प्रदेशात भोपळा होता आणि केसरींच्या बिहारमध्येही फार काही नव्हते. महाराष्ट्रात मात्र पवारांनी रिपब्लिकन गटांना सोबत घेऊन ४८ पैकी ३७ जागा काढल्या. त्यातल्या ३३ काँग्रेसच्या होत्या.

१४ मार्च १९९८ ला अकबर रोडवरच्या २४ क्रमांकाच्या पक्ष कार्यालयात कार्यकारिणी जमली. केसरी अध्यक्षस्थानी होते. प्रणव मुखर्जींनी एक ठराव वाचायला घेतला. त्यात केसरींच्या सेवेबद्दल आभार मानले होते आणि सोनिया गांधींनी अध्यक्षपद स्वीकारावे अशी विनंती होती. आभार कशाचे ते केसरींच्या लक्षात आले, ते उठून बाहेर पडले आणि थोड्याच वेळात त्यांच्या दारावरची पाटी बदलली. विशेष परिस्थितीत कार्यकारिणीला जादा अधिकार देणारे कलम यासाठी शोधून काढले होते. हजारो प्रतिनिधींच्या मतांनी मिळालेले पद नऊ महिन्यांत एका खोलीतल्या वीस-पंचवीस जणांनी काढून घेतले. महिनाभरात अखिल भारतीय समितीने त्यावर शिक्कामोर्तब केले.

मे १९९९ मध्ये पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढला, तिघांची हकालपट्टी झाली आणि १० जूनला मुंबईत राष्ट्रवादी काँग्रेसचा जन्म झाला. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशचे जितेंद्र प्रसाद यांनी सोनिया गांधींविरुद्ध अर्ज भरला. त्यांना ९४ मते मिळाली आणि सोनिया गांधींना ७४४८. पुढे अध्यक्षाची मुदत वाढत वाढत पाच वर्षांची झाली आणि सोनिया गांधी एकोणीस वर्षे त्या पदावर राहिल्या. पक्षाच्या इतिहासात इतका काळ दुसरे कोणी राहिलेले नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये राहुल गांधी बिनविरोध अध्यक्ष झाले. २०१४ मध्ये लोकसभेत ४४ वर आलेला पक्ष २०१९ मध्ये ५२ वर पोचला आणि राहुल गांधींनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. पुढचा अध्यक्ष गांधी घराण्यातला नसावा, असेही त्यांनी सांगितले. ऑगस्टमध्ये कार्यकारिणीने पाच गट पाडून देशभरातल्या नेत्यांची मते विचारली. मुकुल वासनिकांचे नाव दिवसभर चर्चेत होते. रात्री सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष असल्याचे जाहीर झाले. वर्षभराने २३ नेत्यांनी त्यांना पत्र लिहून पूर्णवेळ, दिसणारे नेतृत्व आणि संघटनात्मक निवडणुका मागितल्या. पत्रावर खुद्द वासनिक, पृथ्वीराज चव्हाण आणि मिलिंद देवरा यांच्याही सह्या होत्या.

निवडणूक अखेर २०२२ मध्ये झाली. आधी राजस्थानचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांचे नाव पक्के मानले जात होते. २५ सप्टेंबरला जयपूरला आमदारांची बैठक बोलावली होती. गेहलोतांच्या जागी कोण, हे ठरवण्याचे अधिकार श्रेष्ठींना देणारा नेहमीचा एक ओळीचा ठराव व्हायचा होता. दिल्लीहून मल्लिकार्जुन खर्गे आणि अजय माकन निरीक्षक म्हणून जाऊन बसले. आमदार आलेच नाहीत. ते एका मंत्र्याच्या घरी जमले आणि तिथून राजीनामे घेऊन विधानसभा अध्यक्षांकडे गेले. चार दिवसांनी गेहलोतांनी दिल्लीत दिलगिरी व्यक्त केली आणि उमेदवारी सोडली. ३० सप्टेंबरला, अर्जांच्या शेवटच्या दिवशी, जयपूरहून रिकाम्या हाताने परतलेल्या निरीक्षकांपैकी खर्गे यांनीच अर्ज भरला. बिदर जिल्ह्यातल्या वरवट्टी गावचे खर्गे मराठी जाणतात आणि महाराष्ट्राचे प्रभारीही राहिले होते.

समोर शशी थरूर होते. त्यांनी प्रचाराची सुरुवात नागपूरच्या दीक्षाभूमीवरून केली. प्रतिनिधींच्या यादीत पुरते पत्ते आणि फोन नंबर नाहीत, मग मते मागायची कोणाकडे, ही त्यांची पहिली तक्रार होती. दुसरी तक्रार मतपत्रिकेची. पसंतीच्या नावापुढे ‘१’ लिहायचा अशी सूचना निघाली होती आणि छापील क्रमात खर्गेंचे नाव पहिले होते. ‘१’ लिहायचा म्हणजे पहिल्याला मत द्यायचे, असा मतदाराचा समज होईल, असे थरूर म्हणाले. मधुसूदन मिस्त्री यांच्या निवडणूक प्राधिकरणाने ते मान्य केले आणि बरोबरची खूण करायची असे ठरले. मोजणीआधी सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळल्या, म्हणजे कोणत्या प्रदेशाने कोणाला मत दिले ते नंतर काढता येऊ नये. १७ ऑक्टोबरला मतदान आणि १९ ला निकाल. खर्गे ७८९७, थरूर १०७२, बाद ४१६. पक्षाच्या सांगण्यानुसार ही सहावी लढत होती; १९४० आणि १९४८ च्या लढती या गणतीत धरलेल्या नाहीत.

खर्गेंनी २६ ऑक्टोबरला सूत्रे घेतली. घटनेप्रमाणे यानंतर कार्यकारिणीच्या निम्म्या जागांची निवडणूक अपेक्षित होती. १९९७ नंतर अशी निवडणूक झालेली नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये रायपूरला अधिवेशन भरले आणि पहिल्याच दिवशी सुकाणू समितीच्या बैठकीत ही निवडणूक न घेण्याचे ठरले. सदस्य नेमण्याचे सर्वाधिकार अध्यक्षांना देण्यात आले. ऑगस्टमध्ये खर्गेंनी कार्यकारिणीची यादी जाहीर केली. तिच्यात शशी थरूर यांचेही नाव होते.